पाणी, आच आणि शिधा : आणीबाणीसाठी स्वयंपाकघराची तयारी

आणीबाणीसाठी शिधा भरून ठेवायचा म्हटले की पहिला विचार धान्याच्या पोत्याचा येतो, प्रत्यक्षात अडचण मात्र बहुतेक वेळा दुसरीकडूनच येते. पूर, वादळ, भूकंप, दीर्घकाळ खंडित झालेला वीजपुरवठा किंवा घराबाहेर पडू न देणारे आजारपण, यांपैकी काहीही ओढवले तरी स्वयंपाकघरात आधी पाणी अडते, मग आच अडते आणि धान्य संपण्याची वेळ त्यानंतर येते. डब्यात दहा किलो राजमा आहे, पण तो भिजवायला पाणी नाही आणि शिजवायला इंधन नाही, अशा घरात भरल्या डब्यांसमोर उपाशी बसण्याची पाळी येऊ शकते. म्हणून तयारीचा क्रमही तसाच असावा: पाणी, इंधन, शिधा आणि त्यानंतर या तिन्ही गोष्टी काटकसरीने वापरून करायचा स्वयंपाक.

आणखी एक गोष्ट आरंभीच सांगितलेली बरी. ‘आणीबाणीसाठी’ म्हणून वेगळे काढलेले, घरात एरवी कोणीही न खाणारे पदार्थ कपाटाच्या तळाशी पडून राहतात, त्यांची मुदत उलटते आणि गरज पडते तेव्हा लहान मुले त्यांना तोंडही लावत नाहीत. त्यापेक्षा जे रोज शिजते त्याचेच प्रमाण हळूहळू वाढवावे. दर वेळी किराणा भरताना एखादे पाकीट जास्त आणावे, नवे मागे ठेवावे आणि जुने पुढे घेऊन आधी वापरावे. काही महिन्यांत आठवड्याभराचा साठा फारसा खर्च न जाणवता उभा राहतो आणि तो सतत ताजाही राहतो.

पाणी

पिणे, अत्यावश्यक स्वयंपाक आणि हात धुणे एवढ्यासाठी माणशी रोज किमान ४ लिटर पाणी धरावे. हा अगदी तंगीचा हिशेब आहे. आपत्तीतील मदतकार्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या स्फिअर मानकांत पिण्यासाठी आणि अन्नातून मिळून २.५ ते ३ लिटर, किमान स्वच्छतेसाठी २ ते ६ लिटर आणि स्वयंपाकासाठी ३ ते ६ लिटर असे धरलेले असते. म्हणजे ४ लिटरमध्ये भागवायचे असेल तर भांडी धुण्यावर आणि जास्त पाण्यात शिजणाऱ्या पदार्थांवर आपोआप मर्यादा येते, आणि ही मर्यादा पुढे पदार्थ निवडताना लक्षात ठेवावी लागते. चार माणसांच्या घराला तीन दिवसांसाठी ४८ लिटर आणि आठवड्यासाठी ११२ लिटर पाणी लागेल. उन्हाळा असेल, घरात तान्हे बाळ असेल, आजारी माणूस किंवा स्तनदा माता असेल, तर त्याहून जास्त.

पाणी साठवण्यासाठी खाद्यपदार्थांकरिता बनवलेले, घट्ट झाकणाचे कॅन घ्यावेत. ज्यात पूर्वी कोणतेही रसायन होते असा कॅन कितीही धुतला तरी वापरू नये. दुधाच्या प्लास्टिकच्या बाटल्याही टाळाव्यात, कारण दुधाचा अंश भिंतींना चिकटून राहतो आणि त्यावर जिवाणू वाढतात. घरी भरलेले पाणी दर सहा महिन्यांनी बदलावे आणि भरल्याची तारीख कॅनवर लिहावी. कॅन भरून उचलता येईल एवढ्याच आकाराचा असावा, हे सांगण्यासारखे वाटत नाही, पण २० लिटरचा कॅन म्हणजे २० किलो वजन असते आणि ते जिन्यावरून वर नेण्याची वेळ येऊ शकते.

साठा संपला आणि पाण्याच्या शुद्धतेची खात्री नसेल, तर उकळणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. पाणी गढूळ असल्यास ते आधी निवळू द्यावे, वरचे पाणी स्वच्छ कापडातून गाळून घ्यावे आणि मोठे बुडबुडे येऊन खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळू द्यावे. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरहून अधिक उंचीवर तीन मिनिटे उकळावे, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळते. त्याहून जास्त वेळ उकळल्याने काही साधत नाही, इंधन मात्र जाते. इंधनच नसेल तर बिनवासाचे साधे घरगुती ब्लीच वापरता येते. त्यात सोडियम हायपोक्लोराइटचे प्रमाण ५ ते ६ टक्के असेल तर स्वच्छ पाण्याला लिटरमागे २ थेंब आणि गढूळ पाण्याला ४ थेंब घालून, ढवळून अर्धा तास थांबावे. क्लोरीनचा किंचित वास यायला हवा. तो आला नाही तर तेवढीच मात्रा पुन्हा घालून आणखी पंधरा मिनिटे थांबावे. ब्लीचची शक्ती काळानुसार कमी होते, म्हणून वर्षाहून जुनी बाटली या कामासाठी धरू नये. कीटकनाशक, इंधन किंवा कारखान्यातील रसायन मिसळलेले पाणी मात्र उकळून वा ब्लीच घालून पिण्याजोगे होत नाही. ते सोडूनच द्यावे.

एक साठा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पाणी साठवून तापवणाऱ्या गीझरच्या टाकीत बरेच लिटर स्वच्छ पाणी असते. वीज किंवा गॅस बंद करून, आत येणारी तोटी बंद करून, पाणी निवल्यावर ते खालच्या तोटीतून काढता येते. फ्रीजरमधला बर्फ वितळला की तेही पाणीच.

आच

रोजच्या स्वयंपाकाला किती इंधन लागते याचा अंदाज बहुतेक घरांत कोणालाच नसतो. गॅसची टाकी लावल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवली तर दोन-तीन खेपांत सरासरी कळते, आणि भरलेली दुसरी टाकी हाताशी असणे किती आवश्यक आहे हेही कळते. विजेच्या शेगडीवर स्वयंपाक होणाऱ्या घरात विजेवाचून चालणारी एक तरी शेगडी असावीच.

इथे एक इशारा कडक शब्दांत द्यायला हवा. कोळशाची शेगडी, सहलीचा गॅस स्टोव्ह किंवा जनरेटर बंद घरात, गॅरेजमध्ये अथवा तंबूत कधीही पेटवू नये. अर्धवट ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो आणि झोपेत तो जीव घेतो. एकाच वेळी घरातल्या अनेकांचे डोके दुखू लागले, गरगरले, मळमळले, तर दमल्यामुळे असेल असे समजून झोपू नये. सर्वांनी ताबडतोब मोकळ्या हवेत जावे. एखादी खिडकी उघडी ठेवल्याने हा धोका टळत नाही. भूकंपानंतर किंवा पडझडीनंतर गॅसचा वास आला तर काडी ओढू नये, विजेचे बटणही दाबू नये, टाकीची झडप बंद करून बाहेर पडावे.

इंधन वाचवण्याचे उपाय साधे आहेत. पातेल्यावर झाकण ठेवणे आणि धान्य भिजवणे हे दोन सर्वांत परिणामकारक उपाय आहेत. तांदूळ अर्धा तास आणि सबंध कडधान्ये रात्रभर भिजवली की शिजण्याचा वेळ बराच उतरतो. प्रेशर कुकरमध्ये पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, त्यामुळे उघड्या पातेल्यात तास-दीड तास घेणारे हरभरे त्यात त्या वेळेच्या छोट्याशा हिश्श्यात मऊ होतात. लिंबू, टोमॅटो, व्हिनेगर असे आंबट पदार्थ कडधान्य पूर्ण शिजल्यावरच घालावेत, कारण आंबटपणामुळे दाणे लवकर मऊ होत नाहीत. जुन्या, कडक झालेल्या कडधान्यासाठी चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याची पद्धत आहे आणि ती लागू पडते. मात्र सोड्यामुळे थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होते, म्हणून रोजची सवय करू नये.

याहूनही उपयोगी, आणि आज जवळजवळ विस्मरणात गेलेली युक्ती म्हणजे उष्णता धरून ठेवणारी पेटी. पदार्थ शिजण्यासाठी आच सतत हवी असते असे नाही. तापमान टिकून राहिले की पुरते. जाड बुडाचे, घट्ट झाकणाचे पातेले निदान दोन तृतीयांश भरेल एवढा पदार्थ घ्यावा, तो खळखळ उकळवावा, आच बंद होताच पातेले टॉवेलात गुंडाळावे आणि चहूबाजूंनी घोंगड्या, उशा किंवा वाळलेले गवत दाबून भरलेल्या खोक्यात ठेवावे. सर्व बाजूंनी, वरून आणि खालूनही, निदान वीतभर थर हवा. मध्येच झाकण उघडून बघण्याचा मोह आवरावा, कारण एकदा वाफ गेली की पेटीतली सगळी मेहनत वाया जाते. भिजवलेला तांदूळ पाच मिनिटे उकळून ठेवला की साधारण तासाभरात शिजतो. डाळीला थोडा जास्त वेळ लागतो. पाणी उडून जात नसल्यामुळे नेहमीपेक्षा कमी घालावे लागते, हा तंगीच्या काळातला दुहेरी फायदा.

या पेटीला दोन अटी आहेत. पहिली अशी की, अन्न ६० अंशांखाली उतरले की जिवाणू पुन्हा वाढू लागतात, म्हणून कोमट झालेले पातेले तसेच ठेवून देऊ नये. काढल्या काढल्या खावे, किंवा वाढण्याआधी पुन्हा उकळी आणावी. मोठ्या तुकड्यांचे मांस या पद्धतीने शिजवू नये. दुसरी अट राजम्याची आहे आणि ती अनेकांना माहीत नसते. कच्च्या राजम्यात फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते आणि त्याने काही तासांतच तीव्र उलट्या व जुलाब होतात. हे द्रव्य मंद उष्णतेने नष्ट होत नाही, उलट अर्धवट शिजवलेला राजमा कच्च्याहून अधिक त्रासदायक ठरू शकतो. म्हणून राजमा निदान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळवावा आणि मगच पेटीत ठेवावा. इंधन फारच कमी असेल तर राजमा बाजूला ठेवून मसूर घ्यावी. ती भिजवल्याशिवायही लवकर शिजते. साठ्यात सबंध कडधान्यांपेक्षा डाळींचे प्रमाण जास्त ठेवावे, असे मला यामुळेच वाटते.

शिधा

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २,००० ते २,१०० किलोकॅलरी ऊर्जा लागते आणि वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने, म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला ५० ग्रॅमच्या आसपास. हे गणित डब्यांत उतरवायचे तर माणशी रोज ३०० ग्रॅम धान्य, ८० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ४० ग्रॅम शेंगदाणे, ३० ग्रॅम तेल, ३० ग्रॅम दूध पावडर आणि २० ग्रॅम साखर असा शिधा धरावा. यातून २,००० किलोकॅलरींहून थोडी जास्त ऊर्जा आणि ५५ ग्रॅमहून अधिक प्रथिने मिळतात. चार माणसांच्या सात दिवसांसाठी हा हिशेब ८.४ किलो धान्य, सव्वादोन किलो डाळी, १.१ किलो शेंगदाणे, एक लिटरच्या आत तेल, साडेआठशे ग्रॅम दूध पावडर आणि साडेपाचशे ग्रॅम साखर एवढाच भरतो. एका मोठ्या कप्प्यात मावेल असा हा साठा आहे. घराचे कोठार करण्याची गरज नाही.

धान्य आणि डाळ एकत्र खाण्यामागे चवीखेरीज ठोस कारण आहे. प्रथिने ज्या घटकांची (अमिनो आम्लांची) बनतात त्यांपैकी लायसिन धान्यात कमी असते आणि मेथिओनिन कडधान्यांत कमी असते. दोन्ही एकाच दिवसाच्या आहारात आली की एकमेकांची उणीव भरून निघते आणि मांस-अंडी नसतानाही प्रथिनांची प्रत सुधारते. तेलाला कमी लेखू नये. १०० ग्रॅम तेलात सुमारे ९०० किलोकॅलरी असतात, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या धान्याच्या अडीच पट. जागा थोडी आणि ऊर्जा भरपूर हवी असेल तेव्हा तेल आणि शेंगदाणे यांच्याइतके सोयीचे काही नाही.

जीवनसत्त्वांचा प्रश्न किती दिवसांची अडचण आहे यावर ठरतो. आठवडाभर ताजे फळ मिळाले नाही म्हणून निरोगी माणसाला स्कर्व्ही होत नाही. क जीवनसत्त्वाच्या अभावाचा हा आजार व्हायला महिना-दोन महिने जावे लागतात. जेम्स लिंड या ब्रिटिश शल्यवैद्याने १७४७ मध्ये जहाजावरच्या आजारी खलाशांवर प्रयोग करून संत्री-लिंबांचा गुण दाखवला, ते खलाशी दीर्घ सफरीवर असलेले होते. तरीही काही दिवस कोरडे अन्न खाल्ल्यावर शरीर आणि मन दोन्ही ताज्या भाजीसाठी आसुसतात, म्हणून फ्रीजवाचून टिकणाऱ्या भाज्या, जसे कांदे, बटाटे, लाल भोपळा, कोबी, गाजर, आणि लिंबे नेहमी थोडी जास्त ठेवावीत. कांदे आणि बटाटे शेजारीशेजारी ठेवू नयेत, दोन्ही लवकर खराब होतात. हिरवट पडलेल्या बटाट्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेले असते. तेवढा भाग खोल कापून टाकावा किंवा बटाटाच टाकावा. पाणी पुरेसे असेल तर मूग, हरभरे यांना मोड आणणे हा ताज्या अन्नाचा चांगला मार्ग आहे, कारण कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व मोड येताना तयार होते. मात्र उबदार ओलाव्यात मोडांबरोबर जिवाणूही वाढतात. आणीबाणीत कच्चे मोड खाऊ नयेत, वाफवून खावेत.

टिकाऊपणाच्या बाबतीत पौष्टिक तेवढे चांगले हा नियम उलटतो. कोंडा न काढलेल्या तांदळात कोंड्यातील तेल शिल्लक असते, त्यामुळे तो साधारण सहा महिन्यांत खवट होऊ लागतो, तर कोंडा काढलेला पांढरा तांदूळ कोरड्या, हवाबंद डब्यात कित्येक वर्षे टिकतो. हेच कोंड्यासकट दळलेल्या पिठाचे. म्हणून पीठ थोडे आणि सबंध दाणे जास्त ठेवावेत. मलईयुक्त दूध पावडर मलईरहित पावडरीपेक्षा लवकर बिघडते. डाळी-कडधान्ये वर्षानुवर्षे खाण्याजोगी राहतात, पण उष्ण आणि दमट जागी त्यांचे दाणे असे कडक होतात की कितीही शिजवले तरी ते मऊ होत नाहीत. उष्णता, ओल, उजेड आणि किडे या चौघांपासून साठा दूर ठेवायचा असतो. शेगडीच्या वरचे कपाट त्यासाठी सर्वांत वाईट जागा. नवे धान्य घट्ट पिशवीत बांधून तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवले, तर त्यातील किड्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी उघडण्याआधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर दाण्यांवर दव जमून बुरशी धरते.

डबाबंद कडधान्ये, मासे आणि भाज्या महाग असल्या तरी काही डबे असावेतच, कारण ते शिजवलेले असतात आणि त्यांना पाणीही लागत नाही. डबा उघडण्याचे हातयंत्र डब्यांच्या शेजारीच ठेवावे. पत्र्याच्या डब्याचे पेटंट इंग्लंडमध्ये १८१० सालचे आहे आणि एझ्रा वॉर्नर यांचे डबा उघडण्याच्या यंत्राचे अमेरिकी पेटंट १८५८ सालचे; मधल्या काळात लोक छिन्नी-हातोडी वापरत, आणि विजेवर चालणारे यंत्र घरात असलेल्यांवर तीच पाळी पुन्हा येऊ शकते. फुगलेला, गळणारा, शिवणीवर खोल चेपलेला किंवा उघडताना फवारा उडवणारा डबा चाखूनही पाहू नये. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे विष चवीला, वासाला कळेलच असे नसते. पुराच्या पाण्याला लागलेले पाकिटांतले, काचेच्या बरण्यांतले आणि फिरकीच्या झाकणांचे सगळे अन्न टाकून द्यावे. केवळ न चेपलेले पत्र्याचे बंद डबे कागद काढून, साबणाने धुऊन, ब्लीचच्या पाण्यात निर्जंतुक करून ठेवता येतात.

वीज गेल्यानंतर फ्रीजचे काय

वीज गेली की पहिले काम घड्याळ बघून वेळ लिहून ठेवण्याचे. दार न उघडल्यास फ्रीज सुमारे ४ तास पुरेसा थंड राहतो. फ्रीजर गच्च भरलेला असेल तर ४८ तास आणि अर्धा भरलेला असेल तर २४ तास गोठण टिकते. यातूनच एक सोपी पूर्वतयारी निघते: फ्रीजरमधल्या रिकाम्या जागी पाण्याच्या बाटल्या, वर थोडी जागा सोडून, गोठवून ठेवाव्यात. त्यांनी थंडपणा टिकतो आणि नंतर पिण्याचे पाणीही मिळते. घराबाहेर असताना वीज जाऊन आली का, हे कळण्यासाठी एका वाटीत बर्फ जमवून त्यावर नाणे ठेवावे. परतल्यावर नाणे तळाशी गोठलेले दिसले तर मधल्या काळात सगळे वितळले होते आणि फ्रीजरमधले मांस-मासे खाण्याजोगे राहिलेले नाहीत.

खाण्याचा क्रम आधी फ्रीजमधले नाशवंत, मग फ्रीजरमधले, मग टोपलीतल्या भाज्या आणि शेवटी कोरडा शिधा, असा ठेवावा. चार तासांहून अधिक काळ फ्रीज बंद राहिला असेल तर मांस, मासे, दूध, शिजवलेले अन्न आणि चिरलेली फळे टाकावीत; लोणी, घट्ट चीज, मुरंबे, व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या भाज्या ठेवायला हरकत नाही. फ्रीजरमधल्या पदार्थात बर्फाचे कण अजून दिसत असतील तर तो पुन्हा गोठवता येतो. वास घेऊन निर्णय करू नये, कारण आजार घडवणाऱ्या जिवाणूंनी अन्नाचा वास बदलेलच असे नाही.

शिजवलेले अन्न फ्रीजबाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांहून गरम असेल तर एकाच तासाहून जास्त नाही. भाताच्या बाबतीत हा नियम विशेष काटेकोरपणे पाळावा. बॅसिलस सीरिअस या जिवाणूचे बीजाणू भात शिजतानाही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचे विष नंतर भात कितीही गरम केला तरी नष्ट होत नाही. फ्रीज बंद असताना एका वेळेपुरतेच शिजवावे.

काय शिजवावे

सर्वांत भरवशाचे जेवण म्हणजे एकाच पातेल्यातले धान्य-डाळीचे. चार जणांसाठी दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मसूर डाळ एकत्र, थोड्याच पाण्याने एकदा धुऊन अर्धा तास भिजवावी. पातेल्यात चार मोठे चमचे तेल तापवून त्यात चिरलेला कांदा परतावा, गाजर किंवा भोपळ्याच्या लहान फोडी घालाव्यात, भिजवण्याच्या पाण्यासह सर्व मिळून सहा वाट्या पाणी आणि मीठ घालून झाकण ठेवावे. खळखळ उकळी आल्यावर सात-आठ मिनिटे उकळू द्यावे आणि पातेले पेटीत ठेवावे. तासा-सव्वा तासाने मऊ, ओलसर, लहान-थोर सर्वांना खाता येईल असे जेवण तयार होते. वाढताना भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट आणि लिंबू घ्यावे. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे डाळीतील लोह शरीरात अधिक चांगले शोषले जाते. एक पातेले, एक पळी, सात-आठ मिनिटांची खळखळ, आणि धुण्यासाठी फारसे काही नाही.

आच अजिबात नसेल त्या दिवशी डबाबंद हरभरे निथळून घ्यावेत, त्यात कांदा, गाजराचा कीस, तेल आणि लिंबाचा रस घालावा, पोटभरीचे होते. सकाळी ओट्स आणि दूध पावडर थंड पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे भिजवून त्यात शेंगदाणे, मनुका आणि साखर मिसळली की न शिजवता नाश्ता होतो. गव्हाचे कच्चे पीठ मात्र पाण्यात कालवून खाऊ नये. पीठ कोरडे असले तरी ते निर्जंतुक नसते.

लहान बाळ, आजारी माणूस

सहा महिन्यांखालील बाळाला अंगावरचे दूध हेच आणीबाणीतील सर्वांत सुरक्षित अन्न आहे आणि ताणाच्या काळात ते थांबवू नये; आईच्या वाट्याचे पाणी व अन्न उलट वाढवावे. पावडरीच्या दुधावर असलेल्या बाळासाठी ती पावडर निदान ७० अंश तापलेल्या पाण्यात कालवावी लागते, कारण पावडर निर्जंतुक नसते. म्हणजे या घराला बाळासाठी रोज काही मिनिटांचे इंधन वेगळे राखलेच पाहिजे, अथवा बाळाचे तयार द्रवरूप दूध काही दिवसांपुरते ठेवले पाहिजे. वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांच्या जेवणाच्या वेळा चुकू देऊ नयेत आणि साखर अचानक उतरल्यास देण्यासाठी गोड पदार्थ त्यांच्या हाताशी असावा. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डबाबंद कडधान्य धुऊन घ्यावे, त्यातील बरेच मीठ निघून जाते.

जुलाब-उलट्यांसाठी क्षार-संजीवनीची (ओआरएसची) तयार पाकिटे साठ्यात ठेवावीत. ती नसतील तर १ लिटर सुरक्षित पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. चमचा ५ मिलिलिटरचा, शीगभरून नव्हे. मीठ जास्त झाल्यास ते अपायकारक ठरते, म्हणून अंदाजाने घालू नये. २४ तासांनंतर उरलेले मिश्रण फेकून नवे करावे.

तालीम

ही सगळी तयारी पुरी पडते का, हे पाहण्यासाठी सुटीचा एक दिवस निवडावा आणि सकाळपासून रात्रीपर्यंत नळ, वीज आणि फ्रीज बंद आहेत असे समजून साठ्यातून तीन जेवणे करावीत. फ्रीजचे बटण बंद करण्याची गरज नाही, दार न उघडणे पुरे. वापरलेले पाणी मापाने काढावे, शेगडी किती मिनिटे पेटली ते लिहावे आणि अंधार पडल्यावर हातदिव्याच्या उजेडात एक जेवण शिजवून पाहावे. काड्यापेटी कुठे आहे, डबा उघडता येतो का, पातेले पेटीत मावते का, मुले काय खातात आणि काय ताटात टाकतात, हे त्या दिवशी कळते. भांडी धुण्याचे पाणी बहुतेक घरांत अंदाजाहून जास्त जाते. तसे आढळल्यास साठ्यात कागदी ताटल्या घालाव्यात किंवा पाण्याचा आणखी एक कॅन भरावा. जे कमी पडले त्याची यादी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावी आणि पुढच्या किराण्यात आधी त्याच वस्तू घ्याव्यात.